डावा खांदा

९ जून

दादा,

पाकीट मिळालं. नमस्कार-चमत्कार शेवटी बघू, आधी भांडण.

मी तुला डझनभर चित्रं पाठवली होती. बाबा खुर्चीत, बाबा खिडकीपाशी, बाबा मांडीवर पेपर घेऊन, बाबा डुलकी काढताना. तू प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने 'छान' लिहून ती परत पाठवलीस. एकावर तर 'खूपच छान'. अरे, त्या चित्रात मी बाबांच्या उजव्या हाताला सहा बोटं काढली आहेत! पोस्टात टाकून आल्यावर लक्षात आलं. म्हटलं, मेले, आता दादा बिनपाण्याने करणार. आणि तू लिहितोस 'खूपच छान'. ते 'खूपच' सहाव्या बोटासाठी होतं का?

तू कॉलेजात पोरांना माणूस काढायला शिकवतोस. एखाद्याने सहा बोटं काढून आणली तर सगळ्या वर्गासमोर त्याची काय गत होत असेल ते मला सांगायला नको, लहानपणी माझी तीच गत केलेली आहेस. मग आत्ताच हा प्रेमाचा उमाळा कुठून आला? सांगू कुठून? तू चित्रं बघितलीच नाहीस.

फोनवर बोलू म्हणतोस. फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझा आवाज तुटायला लागतो. 'हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही गं.' त्याच फोनवरून वहिनीचा आवाज मात्र खणखणीत येतो! आणि मोबाइलवर फोटो पाठवले तर तू जेवता जेवता अंगठ्याने पुढे सरकवशील. म्हणून कागद. कागद हातात घ्यावा तरी लागतो.

हे चित्रांचं खूळ मी हौस म्हणून घेतलेलं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची मान एका बाजूला कलते. व्यायाम करून घ्यायला येतात त्या ताई म्हणाल्या, रोज कुणीतरी समोर बसायला हवं, म्हणजे ते मान उचलून बघतील. आता नुसतं समोर बसून एकमेकांची तोंडं किती वेळ बघायची? बाबांकडे बोलायला चार शब्द उरलेत, आणि मी बोलायला लागले की थांबत नाही. शेवटी वही घेऊन बसले. कामावरून आले की चहा आणि चहानंतर बाबांचं एक चित्र, असं आता ठरूनच गेलंय. दिवसा शेजारच्या काकू बाबांजवळ थांबतात; रविवारी सकाळीही थांबतात आणि मी क्लासला जाते.

क्लास एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर भरतो. शिकवणाऱ्या बाईंचा नियम आहे: शेवटी सगळ्यांनी आपापली चित्रं जमिनीवर मांडायची आणि शेजाऱ्याच्या चित्रातली चूक सांगायची. 'छान' म्हणायला बंदी. माझ्या शेजारी एक रिटायर झालेले बसड्रायव्हर बसतात. पहिल्याच दिवशी माझं चित्र बघून त्यांनी विचारलं, "हा माणूस बसलाय की लटकलाय?" माझा चेहरा असा पडला! पण घरी पोचेपर्यंत बसलेल्या माणसाचं वजन खुर्चीवर कसं टाकायचं ते डोक्यात शिरलं होतं. तुझ्या डझनभर 'छान'मधून काय शिरलं? डोंबल.

तीच चित्रं पुन्हा पाठवतेय. लाल पेन्सिल घे आणि चुका काढ. तू इकडे ये असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. फक्त चुका काढ.

सहाही बोटांनी नमस्कार,
तुझी बहीण


३० जून

दादा,

'तू नुकतीच शिकते आहेस. उत्साह मावळू नये म्हणून चुका दाखवल्या नाहीत.'

वा रे वा! माझे केस पिकले, आणि माझा उत्साह सांभाळायला निघालास होय? मी रोज दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. गालाला हात लावून माणसं येतात आणि दात दुखतोय त्याचा राग माझ्यावर काढतात. संध्याकाळपर्यंत शंभरदा ऐकते, "अजून किती वेळ?" तुझ्या लाल रेघेने मी मरणार आहे का?

उलट तिथे माझा सराव होतो. दाढदुखीचा माणूस मॉडेल म्हणून एक नंबर. हलत नाही, हलायची त्याला भीतीच वाटते. मी काउंटरच्या आड वही धरून भराभर काढते. कोण पुढे वाकलंय, कोणी डोकं भिंतीला टेकलंय, कोणी दोन्ही गुडघे घट्ट मिटलेत. आमच्या डॉक्टरांनी परवा वही बघितली आणि म्हणाले, "काढा हो, पण गाल सुजलेले नका दाखवू, दवाखान्याचं नाव खराब होईल." मी म्हटलं, "सर, सुजलेले आहेत म्हणून तर आलेत ना तुमच्याकडे?" ते हसले. मीही हसले, पण त्यांचं म्हणणं पटलं नाही.

आता मुद्द्याचं बोलते. 'छान' हा शब्द तुझ्याकडून आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते तुला आठवत नसेल. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा तू आलास. दारातच उभा राहिलास. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळत होती, मी ती रुमालाने पुसत होते. आणि तू हसून म्हणालास, "अरे वा, बाबा, छान दिसताय की!" मग डॉक्टरांशी बोललास, कँटीनमध्ये चहा प्यायलास आणि 'परीक्षा तोंडावर आल्यात' म्हणून दुपारच्या गाडीने परत. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. इतक्या परीक्षा कुठल्या कॉलेजात असतात रे? दाराची बेल वाजली की बाबा अजून आधी दाराकडे बघतात, आणि दूधवाला किंवा काकू दिसल्या की मान फिरवतात.

तुझ्या मनातले बाबा मला माहीत आहेत. शाळेतले पीटीचे सर. गळ्यात शिट्टी. 'ताठ!' म्हणाले की अख्खं मैदान ताठ. जेवताना पाठीत पोक आला की आपल्या दोघांच्या पाठीवर बोट टेकवायचे, आठवतं? आता ताईंनी त्यांच्या खुर्चीसमोरच्या कपाटाच्या दारावर व्यायामाची चित्रं चिकटवली आहेत. हात असा वर, पाय असा पुढे. बोललेलं बाबांना कधी समजतं, कधी निसटतं. चित्र मात्र बरोबर समजतं. चित्र दाखवलं की तसंच करायला जातात, आणि जमलं की माझ्याकडे बघतात. ज्यांनी गावभर पोरांना कवायत शिकवली ते आता कपाटावरच्या चित्राकडून शिकतात. मला कधी कधी हे बघवत नाही, म्हणून मी वहीत तोंड खुपसते.

लाल पेन्सिल संपली असेल तर सांग, पाठवते.

तुझी बहीण


१७ जुलै

दादा,

आलास एकदाचा लायनीवर!

प्रत्येक चित्रावर पातळ ट्रेसिंग पेपर आणि त्यावर लाल रेघा. माझं चित्र खाली तसंच, तुझं वर. पाकीट फोडलं आणि दारात उभी राहूनच सगळी बघितली, आत दूध उतू गेलं. सहावं बोट तू एका फटक्यात उडवलंस. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत येतो हे मला इतके दिवस कोणी का सांगितलं नाही? मी बाबांना कपाच्या कानाएवढे कान काढत होते. कंबर कुठे वळते, मांडी खुर्चीवर कुठे दबते, सगळं लख्ख दिसलं. चार रेघांत! काय हात आहे रे तुझा. मी चिडायच्या तयारीने बसले होते आणि चिडताच येईना. हाही तुझ्यावरचा एक राग धर.

रविवारी ही चित्रं क्लासला नेली. बसड्रायव्हर काका म्हणाले, "ज्याने हे लाल केलंय त्याला इकडेच बोलवा, बाईंना सुट्टी देऊ." बाईसुद्धा हसल्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझा भाऊ आहे.

फक्त एका ठिकाणी माझं घोडं अडलंय. तू झाडून सगळ्या चित्रांत डावा खांदा वर उचलला आहेस आणि मान सरळ केली आहेस. खाली लिहिलंयस, 'दोन्ही खांदे एका पातळीत आण. डावा फार घसरलाय. असा कोणी बसत नाही. आधी हाडं समजून घे, मग माणूस काढ.' मान्य. मास्तर तू आहेस. पण गेला आठवडाभर घासतेय आणि जमत नाही. डावा खांदा वर नेला की चित्र नीटनेटकं दिसतं, पण त्यातून बाबा जातात. पुन्हा बाबांकडे बघून काढलं की खांदा घसरतो. खोडरबराचा चुरा बाबांच्या चहात पडला. काल पेन्सिल मोडून टाकली, आणि बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी गृहपाठ न करता आले होते.

एवढं साधं कसं जमत नाही मला? दोन खांदे एका रेषेत, त्यात काय मोठं?

तुझं सगळ्यात चांगलं लाल चित्र त्याच कपाटावर, व्यायामाच्या चित्रांच्या शेजारी लावलंय. मी बाबांच्या समोर बसते, मान वळवली की मला ते दिसतं. बाबांना तर समोरच आहे.

तुझी ठोंब्या बहीण


२ ऑगस्ट

दादा,

आजपासून मी तुझं ऐकायचं बंद केलं.

क्लासमध्ये बाईंनी मोजायला शिकवलं. पेन्सिल समोर आडवी धरायची, हात ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि बघायचं, काय कशाच्या खाली येतं. तू पहिल्या वर्षाच्या पोरांना हेच शिकवत असशील. घरी आले आणि बाबांच्या समोर बसले. त्यांच्या मागे खिडकी आहे, खिडकीला आडवे गज आहेत. गजाला ना तुझी बाजू ना माझी. उजवा खांदा बरोबर गजाला टेकलेला. डावा इतका खाली की मधल्या फटीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती. मला वाटलं, माझी खुर्ची तिरकी असेल. खुर्ची सरकवली. उभी राहून बघितलं. खाली बसून बघितलं. तेच.

चूक माझ्या चित्रात नाहीये, दादा. बाबा असेच बसतात.

बोटं चुकली, कान चुकले, कंबर चुकली, सगळं कबूल. पण ज्याच्यावर तू डझनभर वेळा लाल रेघ मारलीस तेवढंच एक मी पहिल्या दिवसापासून बरोबर काढत होते. का नाही काढणार? तो खांदा मी रोज धरते. अंघोळीला नेताना त्याच्याखाली हात घालते. झोपताना त्याला उशी लावते, नाहीतर सकाळपर्यंत दुखतो. सदरा घालताना आधी तो हात घालावा लागतो, मग दुसरा, उलटं केलं तर सदरा चढतच नाही. मला विचार त्या खांद्याबद्दल.

'असा कोणी बसत नाही' म्हणे! तुझा बाप बसतो.

आणि मी मूर्ख, तीन आठवडे डोळ्यांसमोरचा माणूस सोडून तुझ्या रेघेवर विश्वास ठेवला. स्वतःलाच ठोंब्या म्हणून सही केली. तू एवढ्या लांबून उंटावरून शेळ्या हाकतोस आणि मी इथे पेन्सिली मोडते!

तू हे मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं, निदान तुला माहीत तरी असतं. तुला खरंच वाटलं की चूक आहे. माझं चित्र बघून तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की बाबा आता असे झाले असतील. दर महिन्याला फोनवर 'बाबा कसे आहेत' विचारतोस ना? मी ते काढून पाठवलं. तू ते दुरुस्त करून परत पाठवलंस.

उत्तर लिहिशील तेव्हा हाडांबद्दल लिहू नकोस.

बहीण


११ ऑगस्ट

दादा,

बाबा खुर्चीतून पडले. कपाळाला टाके घातलेत, मनगट सुजलंय, हाड मोडलेलं नाही. मी फोन केला तेव्हा वहिनीने उचलला, तिने सांगितलं असेलच. तू उलट फोन केलास तो मी मुद्दाम घेतला नाही. घेतला असता तर तोंडातून नको नको ते गेलं असतं.

बाकी नंतर लिहीन.


१९ ऑगस्ट

दादा,

राहिलेलं लिहायला बसले.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर बाबांजवळ काकू होत्या. मला बाबांचा आवाज ऐकू आला, "ताठ." त्यांच्या उरलेल्या शब्दांतला तो एक आहे. मला वाटलं, काकूंच्या नातवाला म्हणताहेत, तो कधी कधी खेळायला येतो. पुन्हा आला, "ताठ." आणि मग धप्प.

काकूंनी सांगितलं ते असं. बाबा समोर कपाटाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मान सरळ केली. आणि डावा खांदा वर ओढायला लागले. चेहरा लालबुंद झाला. काकूंना वाटलं ताईंनी दिलेला व्यायाम चाललाय. बिचाऱ्या म्हणाल्या, "वा, जमतंय की!" तेवढ्यात तोल गेला.

ताईंच्या कुठल्याच चित्रात खांदा तसा ओढायचा नाहीये. मी सगळी चित्रं तपासली. तो खांदा फक्त तुझ्या चित्रात आहे.

त्यांना तुझी रेघ ओळखू आली असेल का रे? मला वाटतं, आली. तू शाळेत असल्यापासूनची तुझी चित्रं त्यांनी बघितली आहेत. मुलाने आपल्याला असं बसवलंय, म्हणजे आपण असं बसायला हवं. एवढंच त्यांना कळलं. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना ताठ बसवलं. तू त्यांना ताठ बसायला सांगितलंस आणि ते निघाले!

ते चित्र कपाटावरून मी काढायला हवं होतं. गज मोजले त्याच दिवशी फाडून टाकायला हवं होतं. नाही फाडलं. रेघ फार सुंदर होती आणि माझ्याने फाडवेना. हे मी स्वतःला माफ करणार नाही. पण त्यामुळे तू सुटलास असं समजू नकोस.

टाके घालून बाबांना घरी आणलं तर दारात तुझं पत्र पडलेलं. 'चित्रकाराने माणसाचं उत्तम रूप पकडायचं असतं. आजार, म्हातारपण हे वरवरचे तपशील आहेत.' मी ते दवाखान्याच्या पिशवीत औषधांबरोबर कोंबलं आणि बाबांना आधी झोपवलं. वरवरचे तपशील! कपाळावरचे टाकेही वरवरचेच आहेत, ये आणि बघ. ही वाक्यं तुझ्या पोरांना ऐकव, ती माना डोलावतील. मला नको शहाणपण शिकवू. तुला माणसाचं उत्तम रूप वगैरे काही पकडायचं नाहीये. तुला घाबरायला होतं. बाबांकडे बघायची तुझी हिंमत नाही, आणि ते झाकायला तू कला पुढे करतोस.

पडल्यापासून बाबा खुर्ची नको म्हणतात. नुसती खुर्ची जवळ आणली तरी "नको, नको." दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताई म्हणाल्या, असंच पडून राहिले तर मिळवलेलं सगळं जाईल. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो आणि तो आला तर माणसं ओळखतील की नाही सांगता येत नाही. मी हे तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं. मला धाक दाखवून बोलावलेला भाऊ नको होता. आपणहून आलेला हवा होता. ती हौस आता फिटली.

म्हणून सरळ सांगते. ये. दोन वर्षं हा शब्द मी गिळला, आज लिहितेय. फळं घेऊन येऊ नकोस, डॉक्टरांना भेटायला येऊ नकोस, माझ्यावर उपकार म्हणूनही येऊ नकोस. कागद आणि पेन्सिल घेऊन ये. बाबांच्या समोर बस आणि त्यांना काढ. त्यांना ओळख आहे तोवर ये.

नाही आलास तर यापुढे मी चित्र पाठवणार नाही, पत्रही नाही. कसे आहेत ते विचारायला फोन करू नकोस. कल्पनेने काढून घे.

बहीण


१५ सप्टेंबर

दादा,

तू परत घरी पोचल्याचं वहिनीने कळवलं. तुझं चित्र इथेच राहिलंय. गडबडीत राहिलं की मुद्दाम ठेवलंस, ते तुझं तुला माहीत.

तू इथे होतास, तुला सगळं माहीत आहे असं वाटत असेल. नाही माहीत. तू कागदाकडे बघत होतास तेव्हा मी तुझ्या मागे उभी होते. मला काय दिसलं ते सांगते.

तू येणार म्हटल्यावर बाबांनी सकाळी स्वतःहून खुर्चीकडे बोट केलं. मी विश्वास बसेना म्हणून दोनदा विचारलं. दाढी करून घेतली. काकूंनी आणि मी दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. बेल वाजली तेव्हा ते दाराकडेच बघत होते. तू आत आलास, पाया पडलास, काहीतरी गाडीबद्दल बोललास, आणि मी काही म्हणायच्या आत चित्राची फळी मांडून बसलासुद्धा. तेवढं बरं केलंस.

पण बाबा तुझ्यासमोर ताठ बसले होते. तुला दिसलं नाही, कारण तुला तेच बघायचं होतं. उजव्या हाताने त्यांनी खुर्चीची कड इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. मानेची शीर उडत होती. गालावरून घाम ओघळत होता, आणि तुझी पेन्सिल सरसर चालली होती. दोन्ही खांदे एका रेषेत. वर तू वळून मला म्हणालास, "बघ, बसतात की!" तेव्हा तुझ्या हातातली फळी घेऊन तुझ्याच डोक्यात घालावी असं वाटलं. खरंच सांगते.

मग मी म्हटलं, "बाबा, सोडा आता. दादाच आहे, परका कोणी नाही." त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. पीटीच्या सरांचा राग, ओळखीचा. मग तुझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि सोडलं. आधी खांदा गेला, मग मान, मग तोंडाची ती डावी बाजू. सगळं आपापल्या जागी खाली येऊन बसलं, आणि त्यांनी इतका मोठा श्वास घेतला की मलाच बरं वाटलं.

तुझी पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता हा उठणार. गाडीची वेळ झाली म्हणणार, फोन आला म्हणणार. तू उठला नाहीस. आधीचा कागद काढून खाली टाकलास आणि नवीन घेतलास. खांदा काढलास, खोडलास, पुन्हा काढलास. तो प्रत्येक वेळी थोडा वरच राहत होता. मी मागून म्हटलं, "अजून खाली." तू नेलास. "अजून." पुन्हा नेलास. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू ते पुसत नव्हतास, कागद ओला झाला तरी काढत राहिलास. इतका राग करून बसलेली मी, पण त्या वेळी मला तुझी फार माया आली. तुला तिथे सांगितलं नाही, आत्ता सांगते.

मला वाटलं होतं, तू एकदा बाबांकडे नीट बघितलंस की माझा राग जाईल. नाही गेला. कमी झालाय. दोन वर्षांचा आहे, एका दुपारीत कसा जाईल?

आता चित्राबद्दल. लाल पेन्सिल मी हातात घेणार नाही, तोंडाने सांगते. खांदा बरोबर आहे. जिथे आहे तिथेच आहे, गजाशी लावून बघितला. मान बरोबर. ओठाचा कोपरा इतका बरोबर आहे की मला तो फार वेळ बघवत नाही.

पण शाल कुठून आली?

त्या दुपारी उकाड्याने जीव जात होता. पंखा फुल्ल होता, बाबा नुसत्या बनियनवर होते. घरात शाल नव्हतीच बाहेर काढलेली. तू त्यांच्या डाव्या बाजूवर शाल पांघरलीस आणि कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात आत घातलास. घड्या सुरेख काढल्या आहेस, प्रश्नच नाही. आमच्या क्लासात ज्यांना हात जमत नाहीत ते माणसाला खिशात हात घालून उभा करतात आणि बसड्रायव्हर काकांच्या तोंडी सापडतात. पण तू जन्मभर दुसऱ्यांना हात काढायला शिकवत आलायस.

काल मी चित्र बाबांना दाखवलं. त्यांच्या मांडीवर ठेवलं. खूप वेळ बघत होते. उजवं बोट खांद्यावर टेकवून म्हणाले, "हां." मग ते बोट हळूहळू खाली आलं आणि शालीवर थांबलं. माझ्याकडे बघितलं, जसं काही हरवलेलं विचारावं. मी काय सांगणार? मी म्हटलं, "दादाला विचारा."

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि चित्रातल्या शालीवर आणून ठेवला. नीट, बोटं सरळ करून. आणि तसेच बसून राहिले.

रविवारी मी क्लासला जात नाहीये. त्यांचा हात काढायला ये.

तुझी बहीण